काळजीची वेळ : सहा ते सव्वासहा

१० जानेवारी, शनिवार

ही वही दहावी ‘ब’च्या सहामाही परीक्षेचे गुण उतरवायला आणली होती. चार पानांत वर्ग संपला. उरलेल्या पानांवर आता मी माझी काळजी लिहायची, असा दीप्तीचा हुकूम आहे.

दीप्ती माझी जुनी विद्यार्थिनी. गणितात रडतखडत पास झाली होती, आता मानसशास्त्रात एम.ए. करते. शिक्षक स्वतःच्या विचारांबद्दल काय समजून बसलेले असतात आणि त्याचा त्यांच्या चिंतेशी काय संबंध, असा तिच्या प्रबंधाचा विषय आहे. मंगळवारी ती चाळीस प्रश्नांचे छापील कागद घेऊन स्टाफरूममध्ये आली. प्रत्येक वाक्यापुढे चार चौकोन, ‘अजिबात असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत. शोभाताईंनी दुसऱ्याच मिनिटाला मला कोपराने ढोसलं. “चौदाव्याले काय टाकलं वं, प्रेमिला?” मी सांगितलं. त्यांनी पलीकडे सांगितलं. पंधरा मिनिटांत अकरा जणांचे कागद तयार झाले.

परवा दीप्ती परत आली ती लालबुंद होऊन. “मॅडम, अकरा जणायचं मन एकसारखं कसं असन?” मग तिने आम्हाला आठवीच्या रिकाम्या वर्गात एका बाकावर एक असं बसवलं आणि स्वतः फळ्यापुढे उभी राहिली. “शोभा मॅडम, पुढे पाहा” हे वाक्य मी सव्वीस वर्षं म्हणत आले, ऐकलं पहिल्यांदाच.

कागदावर नाव लिहायचं नव्हतं. मी सवयीने उजव्या कोपऱ्यात नाव, विषय, तारीख सगळं लिहून दिलं. वर दहा मिनिटांनी कागद परत मागायला गेले, मागच्या बाजूचा एखादा प्रश्न सुटला की काय म्हणून. ती म्हणाली, “यात बरोबर-चूक नसते, मॅडम.” बरोबर-चूक नसलेला पेपर मी अजून पाहिलेला नाही.

नाव होतं म्हणून काल मधल्या सुटीत तिने मला गाठलं. “मॅडम, तुम्ही एका ठिकाणी लिहिलं, मी काळजी केली म्हणून वाईट गोष्टी टळतात. पूर्ण सहमत. आणि खाली लिहिलं, काळजीनं एक दिवस माझं डोकं फिरन. तिथंबी पूर्ण सहमत. दोन्ही कसं?”

मी म्हटलं, दोन्ही खरं आहे. बीपीच्या गोळीने पाय सुजतात, म्हणून मी गोळी सोडते का?

मग मी तिला रोशनचं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीची बॅच. आमचं परीक्षा केंद्र ज्या शाळेत पडलं होतं तिच्या दोन इमारती, जुनी लकडगंजच्या बाजूला आणि नवी तिथून तीनेक किलोमीटरवर. दर वर्षी पेपरच्या सकाळी मी वर्गातल्या एकेकाला फोन करते. उठलास का, निघालास का, पोचलास का. त्या वर्षी नेमकं कळमेश्वरला चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आदल्या दिवशी दुपारीच सगळ्या मुलांना फोन करून घेतले होते, रोशनला तर तीनदा, कारण पोरगा विसरभोळा. मग कळमेश्वरला गेले, हळदीत नाचले आणि कित्येक वर्षांत झोपले नव्हते अशी झोपले. सकाळी एकाही पोराची आठवण झाली नाही. त्याच सकाळी रोशन चुकीच्या इमारतीत गेला. आपला नंबर शोधत वर्ग-वर्ग फिरला, आणि खऱ्या केंद्रावर पोचला तेव्हा त्याला आत घेतलं नाही. पहिल्या तिघांतला मुलगा मराठीत नापास झाला. पुढे शिक्षणच सुटलं. मी एक दिवस काळजी सोडली आणि एका मुलाचं वाटोळं झालं, हे गणित मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

दीप्तीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मॅडम, मी डॉक्टर नाही. पण एक करून पाहा. काळजी आली का एका ओळीत लिहून ठेवा, आणि तिले सांगा, सहा वाजता ये. सहा ते सव्वासहा बसून मनसोक्त करा. बाकी दिवसभर नाही.” मी म्हटलं, यंदा नको गं, वीस फेब्रुवारीला बोर्ड सुरू होतो, आणि यंदा माझी लेक उन्नतीसुद्धा दहावी ‘अ’ला आहे. ती म्हणाली, पुढच्या वर्षी तुम्ही दुसरं कारण काढाल.

पोरगी गणितात कच्ची होती, पण वर्मावर बोट ठेवायला तेव्हाही पक्की होती.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी सात ते दुपारी चार, वहीच्या मागच्या पानांवर एकोणीस ओळी. सगळ्या उतरवत नाही. गॅस बंद केला का. दहावी ‘ब’ची पोरं भूमितीत आपटणार. वर्गातल्या पियुषचा खोकला तीन आठवड्यांचा झाला. ऑनलाइन माहिती भरताना कुणाची जन्मतारीख चुकली का. उन्नतीचा चेहरा सुकला आहे. यांची दुसरी पाळी, कळमेश्वरहून येताना ट्रक अंगावर येतात.

सहाला स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. वही उघडली, घड्याळ समोर ठेवलं. आणि काय सांगू, काळजी येईना. दिवसभर दारात धरणं धरून बसलेली, आत या म्हटलं तर गायब. पाच मिनिटं ओळी वाचल्या, मग डाळ लागल्याचा वास आला.

उन्नती येऊन उभी राहिली. “आई, काय करून राहिली?”

“काळजी.”

“माझी पण आहे त्यात?”

“आहे ना.”

“किती नंबरवर?” तिने वाकून पाहिलं. पाचव्या ओळीवर स्वतःचं नाव दिसलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला. जाताना गॅसच्या खटक्याला हात लावून गेली, मग परत येऊन पुन्हा लावला. माझ्यासारखी धांदरट नाही पोरगी, मला त्यातल्या त्यात तेवढं समाधान आहे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सगळ्या गल्ल्या गच्चीवर. नायलॉन मांजाच्या नऊ ओळी लिहिल्या. उन्नतीला म्हटलं, जा वर, तासभर पतंग बघ, रोज पुस्तकात तोंड. म्हणाली, “नको. तू खाली उभी राहून वर पाहत राहशील.” किती समजूतदार झाली आहे.

२० जानेवारी, मंगळवार

सराव परीक्षेचे पेपर तपासून संपले. चोपन्न बीजगणित, चोपन्न भूमिती. मान अशी धरली आहे की शोभाताईंशी बोलायला सगळं अंग वळवावं लागतं. त्यात परत वर्गवार तक्ता, पालक सभेचा अहवाल, ‘कच्च्या विद्यार्थ्यांसाठी केलेले प्रयत्न’ असं एक नवीन परिपत्रक. प्रयत्न कधी करायचे ते परिपत्रकात नाही.

हे म्हणाले, “सोड ना आता दहावीचा वर्ग. पाचवी-सहावी माग. किती घासून राहिली स्वतःले?” मी म्हटलं, मी सोडला तर त्या मुलांची काळजी कोण करणार? “त्यायचे मायबाप मेले काय?” असं म्हणून डबा उचलून गेले. कामावर जाताना असं कुणी बोलतं का.

उन्नतीचं मात्र कौतुक वाटतं. संध्याकाळीच दप्तर भरते, तीनदा तपासते. प्रत्येक पेपरच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभी राहते, मी विचारते, पेन? दोन आहेत. कंपास? आहे. धडे? झाले. पक्कं ना? पक्कं. मी विसरले तर ती स्वतः आठवण करून देते, “आई, विचार ना.” शिस्त घरातून लागते ती अशी.

२९ जानेवारी, गुरुवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. शाळेतून आले, चहा घेतला, मेथी निवडली, शेजारच्या सिंधूताई आल्या त्यांच्याशी दारात गप्पा मारल्या. घड्याळ पाहिलं तर सात वाजून दहा मिनिटं. सहा वाजून गेले आणि मला पत्ता नाही. वही उघडली तर सकाळपासून फक्त चार ओळी.

आधी बरं वाटलं. खरंच सांगते, खांद्यावरून कुणीतरी भरलेली घागर उतरवून घेतली असं वाटलं. मग लगेच आठवलं. कळमेश्वरच्या हळदीच्या दिवशीही मला असंच हलकं वाटलं होतं.

दीप्तीला फोन केला. ती म्हणाली, “काय वाईट झालं, मॅडम?” मी म्हटलं, अजून तर काही नाही. “अजून हा शब्द वहीत लिहून ठेवा,” ती म्हणाली. लिहिला आहे. अजून.

गडबडीत आज उन्नतीला पेन-कंपास विचारायचं राहून गेलं. उद्या तिची विज्ञानाची वर्गचाचणी आहे. तीही काही बोलली नाही, दार लोटून वाचत बसली होती.

५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रवेशपत्रं आली. केंद्र तेच. तीच शाळा, त्याच दोन इमारती. आमच्या शाळेला जुनी इमारत.

बाकांच्या रांगांकडे बघत होते आणि मला सगळीकडे रोशनच दिसत होता. दीप्तीचं सहा वाजता गेलं खड्ड्यात. वर्गाला फळ्यावर नकाशा काढून दिला. एकेकाला उभं करून विचारलं, कोणती इमारत? जुनी. पक्कं ना? नवी तर नाही? मधल्या सुटीत परत विचारलं. शाळा सुटताना फाटकात उभी राहून परत विचारलं. मग स्कूटीने स्वतः दोन्ही इमारती पाहून आले. दोन्ही जागच्या जागी आहेत.

उन्नतीला पाच वेळा विचारलं. प्रत्येक वेळी तिने उत्तर दिलं आणि बोटाने तळहातावर काहीतरी मोजल्यासारखं केलं. वैतागली नाही. उलट बऱ्याच दिवसांनी आज पोटभर जेवली.

७ फेब्रुवारी, शनिवार

मुलांचं लक्ष कुठे असतं कोण जाणे. दोन दिवस कंठशोष केला, आणि आज मिनल उठून विचारते, “मॅडम, केंद्र बदललं काय?” तिच्यामागून आणखी चार जण. “नव्या इमारतीत जायचं ना, मॅडम?” मी फळ्यावर डस्टर आपटला. जुनी, जुनी, जुनी. तरीही त्यांची तोंडं अशी, की मी काहीतरी लपवते आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

आज सहाची वाट न पाहता लिहिते.

परीक्षेला उन्नतीसाठी काट्याचं घड्याळ हवं होतं म्हणून दोघी मेट्रोने सीताबर्डीला गेलो. घड्याळ घेतलं. व्हेरायटी चौकाकडे येताना मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानातून आवाज आला, “जय भीम, मॅडम!” वळून पाहिलं तर रोशन. मिशी, चष्मा, शर्टाच्या खिशात लहान-लहान पेचकस. नऊ वर्षांत मी या मुलाला भेटायची हिंमत केली नव्हती. आठवड्यातून दोनदा त्याचा विचार करायचे, पण भेटले नव्हते.

त्याने स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. बायकोचा फोटो दाखवला, दोन वर्षांच्या मुलीचा दाखवला. दुकान स्वतःचं आहे, दोन पोरं हाताखाली आहेत. उन्नती पलीकडे मोबाइलची कव्हरं पाहत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, रोशन, त्या दिवशी सकाळी मी तुला फोन केला असता तर तू चुकला नसतास. मला माफ कर.

तो हसायला लागला. “काहून माफ, मॅडम? तुम्ही तर आदल्या दिवशी तीनदा फोन केला होता.”

“तेच रे. सकाळी नाही केला.”

“अवो, ऐका ना. मी शनिवारीच जाऊन केंद्र पाहून आलो होतो. जुनी इमारत, दुसरा मजला, सगळं पाहिलं. तुमचा पहिला फोन आला, मी सांगितलं जुनी. तुम्ही म्हटलं पक्कं ना. पक्कं. अर्ध्या घंट्यानं दुसरा फोन. रोशन, नीट पाहिलं ना, नवी तर नाही? मग तिसरा. आता मॅडम तीन-तीनदा विचारून राहिल्या म्हणजे काही तरी बदललं असन, मले वाटलं. मॅडमले शाळेतून खबर असन. मले एकट्यालेच तीनदा काहून विचारतीन? रातभर तेच डोक्यात. सकाळी गेलो ना सीधा नव्या इमारतीत.” असं म्हणून त्याने मांडीवर थाप मारली. “येडाच होतो मी. तुमचं काय त्यात? पण खरं सांगू काय, अभ्यासात तसाबी जीव नव्हता माझा. हे बरं आहे.”

चहा आला. मी प्यायले. साखर होती की नाही आठवत नाही.

उन्नतीने विचारलं, आई, काय झालं, चेहरा असा काय? मी म्हटलं, ऊन लागलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. आज सकाळी वर्गात गेले तर मिनल माझ्या तोंडाकडे पाहत होती, आता मॅडम परत विचारतील म्हणून.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज निरोप समारंभाआधी वर्गाला एकदाच सांगितलं. जुनी इमारत, साडेदहाच्या आत. फळ्यावर लिहिलं. मिनलने हात वर केला, “पक्कं ना, मॅडम?” मी म्हटलं, लिहिलं आहे ते वाच. आणि खडू ठेवून दिला.

खडू ठेवणं सोपं नव्हतं. ओठांपर्यंत आलेलं ‘नवी तर नाही ना’ गिळून टाकायला अंगातलं सगळं बळ लागलं. पेपरच्या सकाळी फोन करणार नाही, असंही सांगून टाकलं. टाळ्या वाजल्या. चोपन्न पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मागच्या बाकावरून कुणीतरी “थँक यू मॅडम” ओरडलं. म्हणजे इतकी वर्षं.

संध्याकाळी सहाला बसले आणि पंधरा मिनिटं रडले. दीप्तीने रडायचं की काय करायचं ते सांगितलं नव्हतं. मनसोक्त म्हणाली होती.

दीप्तीला रोशनचं कळवलं. तिला वाटलं मला आता मोकळं वाटत असेल. कसलं मोकळं? आधी मी काळजी केली नाही म्हणून दोषी होते, आता केली म्हणून आहे. फिर्याद बदलली, आरोपी तीच.

तरी ठरवलं आहे. उन्नतीलाही यापुढे काही विचारणार नाही. पेन नाही, कंपास नाही, पक्कं ना नाही. निदान एका पोरीला तरी माझ्यापासून वाचवते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

उन्नतीला तीन दिवस काही विचारलं नाही. तिने एकदा “आई, विचार ना” म्हटलं, मी हसून टाळलं. ती नीट जेवत नाही. गॅसचा खटका तिने आज सात वेळा पाहिला. मी मोजले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या मराठीचा पेपर. दुपारी उन्नतीला उलटी झाली. ताप नाही, पोट बिघडलेलं नाही. हे कामावर निघाले होते, त्यांना म्हटलं काही नाही, तुम्ही जा. मग तिच्याजवळ जाऊन बसले.

ती एकदम बोलली, “तू काहून काहीच विचारत नाही?”

मी म्हटलं, तुला त्रास नको म्हणून.

“मले त्रास होत नाही. तू विचारलं नाही का त्रास होते. तू काळजी केली नाही तर माझा पेपर बिघडन.”

असं कोण म्हणालं, मी विचारलं. ती उठली, दप्तरातून रफ वही काढली आणि मागचं पान माझ्यापुढे धरलं. पट्टीने आखलेले तीन रकाने. विषय, ‘आईने किती वेळा विचारलं’, गुण. माझ्याच हातची शिकवण, रेघा सरळ, शीर्षकं अधोरेखित. सराव परीक्षा, बीजगणित, चार वेळा, चाळीसपैकी अडतीस. भूमिती, पाच वेळा, सदतीस. इतिहास, मी प्रशिक्षणाला गेले होते, शून्य, चाळीसपैकी चोवीस. तीस जानेवारी, विज्ञानाची वर्गचाचणी, शून्य, वीसपैकी नऊ. ही चाचणी तिने मला दाखवलीच नव्हती. सगळ्यात खाली, परीक्षा केंद्र, पाच वेळा, आणि पुढे गुणांच्या जागी ‘पोटात दुखलं नाही’.

“पाहा,” ती म्हणाली. “दर वेळी तसंच होते.”

मी सव्वीस वर्षं गणित शिकवते. तोंडात आलं ते हेच, की सात-आठ नोंदींवरून नियम काढायचा नसतो, बेटा. आणि बोलता बोलता जीभ थांबली. मी तर एका नोंदीवर नऊ वर्षं काढली. तीही चुकीची वाचलेली.

तरी विचारलं, तीस तारखेच्या आदल्या दिवशी तुला झोप लागली होती का?

“नाही ना. तू विचारलंच नाही. मी वाट पाहत होती.”

तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना माझ्याच तेलाचा वास येत होता. मला वाटत होतं मी या पोरीला शिस्त लावते आहे. ती बिचारी माझी काळजी मिळवायला रोज रांगेत उभी राहत होती, आणि गेल्या आठवड्यात मी खिडकीच बंद केली, का ते न सांगता.

सहा वाजले तेव्हा खुर्ची टाकली नाही. दोघींनी मिळून वरण-भात केला. तिने गॅस तीनदा पाहिला. मी काही बोलले नाही. एका दिवसात सगळं सुटेल असं समजायला मी काही नवखी मास्तरीण नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मुलगी परीक्षेला म्हणून माझी पर्यवेक्षणाची नेमणूक दुसऱ्या केंद्रावर. यांनी रजा टाकली होती, तेच तिला गाडीवर सोडणार, आणणार होते. निघताना ती दारात थांबली. हातात नवं घड्याळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रवेशपत्र.

“आई, अकरा ते दोन. तू करशील ना?”

मला कळलं काय ते. म्हटलं, “नाही.”

“थोडीशी?”

“नाही. आज मी काळजी करणार नाही. काही उरलं तर सहा वाजता बघू.”

तिचा चेहरा पांढरा पडला. दोन पावलं मागे आली. हे गाडीवरून ओरडले, “चल वं बाई, सिग्नल लागते!” ती गेली. तिने वळून पाहिलं नाही, आणि मी फाटक धरून उभी राहिले. असं वाटलं, धावत जाऊन सांगावं, करते गं बाई, सगळी करते, मला दुसरं येतं काय.

केंद्रावर मोबाइल पाकिटात घालून जमा केला. वर्गात पंचवीस मुलं. अकराची घंटा झाली. तिसऱ्या बाकावर एक मुलगी, उन्नतीसारखीच दोन वेण्या, पेनाचं टोपण चावत होती. अकरा वाजून पाच मिनिटांनी सुरू झालं. तिने इमारत बरोबर गाठली असेल का. परत उलटी झाली असेल का. कागद कोरा ठेवून रडत असेल का. मी मनाला म्हटलं, सहाला. ते म्हणालं, बरं. परत पाच मिनिटांनी हजर. सहाला. सहा वाजायला सात तास होते. निबंध, पत्र, व्याकरण, एकेक प्रश्न मी तिच्यासोबत सोडवला, एकेका प्रश्नाला तिला अडकलेली पाहिलं. पुरवणी वाटताना एकाच मुलाला दोन दिल्या. दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं, “मॅडम, बरं नाही काय?” परीक्षार्थीने पर्यवेक्षकाला विचारावं, हेही आयुष्यात पहिल्यांदा झालं. तीन तासांत एक मिनिट मी काळजीशिवाय राहिले नाही. वहीत लिहायची सोय नव्हती, नाहीतर पानं संपली असती.

पावणेतीनला फोन हातात आला. यांचा निरोप होता. ‘पेपर झाला. तर्री पोहे खाऊन राहिली. दोन प्लेट.’ मी केंद्राच्या पायरीवर बसले.

संध्याकाळी सहाला मी खुर्ची टाकली तर उन्नती रफ वही आणि पट्टी घेऊन समोर बसली. नवी रेघ आखली. पहिल्या रकान्यात लिहिलं, मराठी, बोर्ड. दुसऱ्या रकान्यावर पेन टेकवून माझ्याकडे पाहिलं.

“खरंच नाही केली?”

“नाही.”

“एकदाबी नाही? शप्पथ?”

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. “एकदाही नाही. मस्त झोप येत होती वर्गात. एका पोरीने विचारलं, मॅडम बरं नाही काय.”

तिने शून्य लिहिलं. नीट, गोल. मग तिसऱ्या रकान्यात, ‘गुण नंतर. बरा गेला.’ बराच वेळ ती त्या ओळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे तुझा काही संबंधच नाही.” थोडी नाराज झाल्यासारखी वाटली. मग पट्टी खाली ठेवली. “म्हणजे मी आपल्यानंच लिहिला.”

“तूच लिहिला.”

“हाव,” ती म्हणाली, आणि जांभई देत आत जाऊन आडवी झाली. जाताना गॅसजवळून गेली. एकदाच पाहिलं.

सव्वीस वर्षांत मी कुणाच्या कागदावर अर्धा गुण खोटा टाकलेला नाही. आज माझ्या मुलीच्या वहीत एक पूर्ण शून्य खोटं टाकून घेतलं. खरा आकडा फक्त इथे आहे, या पानावर. म्हणजे आता ही वही तिच्या हाती लागता कामा नये. कपाटात ठेवू, की शाळेच्या टेबलाच्या खणात, खणाची किल्ली शोभाताईंकडेही असते, त्या वाचल्याशिवाय राहायच्या नाहीत, सुरू झालं परत.

उद्या सहाला.